तीन चात्या, तीन प्रजाती : लुप्त फोरॅमिनिफेरांचे वर्गीकरण

प्रश्न : मी भूशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. संग्रहातील एका चुनखडकाचा पातळ छेद तपासताना मला चातीच्या आकाराचे, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांकडे निमुळते होत गेलेले वेटोळ्यांचे जीवाश्म दिसले. एका चित्रसंग्रहाशी ताडून पाहिले तेव्हा ते फ्युसुलिना वाटले, दुसऱ्या पुस्तकावरून अल्व्हिओलिना वाटले, आणि एका ज्येष्ठ सहाध्यायाने लॉफ्टसियाचीही शक्यता सुचवली. तिन्ही फोरॅमिनिफेरांच्या, म्हणजे कवच बांधणाऱ्या एकपेशीय जीवांच्या, लुप्त प्रजाती आहेत आणि त्यांचा डीएनए मिळण्याची आशा नाही. मग प्रजाती नेमकी कशावरून ठरवायची? आणि असे वर्गीकरण म्हणजे शेवटी तज्ज्ञांचे मतच नव्हे काय?

उत्तर : आधी शब्दांचा खुलासा करतो. या उत्तरात प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. मराठीत जीनससाठी वंश हा शब्दही चालतो, त्यामुळे गोंधळ होऊ नये एवढ्यासाठी हे सांगितले.

एकाच छेदासाठी ही तीन नावे सुचावीत यात नवल नाही. फ्युसुलिना ही कार्बॉनिफेरस कल्पातली, म्हणजे सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीची. लॉफ्टसिया क्रिटेशस कल्पाच्या अगदी शेवटच्या मास्ट्रिक्टियन काळातली, म्हणजे ७.२ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. अल्व्हिओलिना त्याहून अलीकडची. ती क्रिटेशसनंतरच्या पॅलिओसीन काळाच्या उत्तरार्धात अवतरली आणि त्यापुढच्या इओसीन काळात भरभराटीला आली. या तिघींपैकी एक दुसरीची पूर्वज नाही. फ्युसुलिनाचा सगळा गोतावळा पर्मियन कल्पाच्या अखेरीस, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी नष्ट झाला, आणि त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी अगदी वेगळ्या घराण्यांतल्या जीवांनी तोच आकार नव्याने घडवला. जीवशास्त्रात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. उथळ, उबदार आणि प्रकाश पोहोचेल अशा समुद्रतळावर राहणारे आजचे मोठे फोरॅमिनिफेरा आपल्या एकमेव पेशीत सूक्ष्म शैवाले बाळगतात. अल्व्हिओलिनाचे हयात नातलग अल्व्हिओलिनेला आणि बोरेलिस यांच्या पेशीत डायाटम ही शैवाले राहतात. वेटोळ्याचा अक्ष लांबवला की पृष्ठभागालगत पुष्कळ छोटे कप्पे बसवता येतात आणि शैवालांना प्रकाश मिळतो. लुप्त प्रजातींतही असेच सहजीवन असावे असे अनुमान आहे, आणि ते मला पटते. म्हणजे चातीचा आकार हा राहणीमानाचा पुरावा आहे, नात्याचा नाही. वर्गीकरण नात्याचे करायचे असते, म्हणून प्रजाती ठरवताना आकाराची साक्ष सर्वांत शेवटी घ्यावी.

मात्र आपल्या छेदाच्या बाबतीत त्याही आधी एक शंका फेडून घ्यायला हवी : आपल्याला दिसते ती खरोखर चातीच आहे का? न्युम्युलाइट्स हा नाण्यासारखा चपटा फोरॅमिनिफेरा उभा कापला गेला तर छेदात तोही मधे फुगीर आणि टोकांना निमुळता दिसतो. फरक अक्षाच्या दिशेत आहे. न्युम्युलाइट्समध्ये वेटोळ्याचा अक्ष आखूड बाजूने जातो आणि लांब बाजूच्या दोन्ही टोकांना वेटोळ्याची जाड कड दिसते. अल्व्हिओलिना, फ्युसुलिना आणि लॉफ्टसिया यांच्यात अक्ष लांबीच्या दिशेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो. हे ओळखायचे तर छेद कवचाच्या पहिल्या कप्प्यातून, म्हणजे आद्य कप्प्यातून, गेलेला असला पाहिजे. अक्षाला समांतर आणि आद्य कप्प्यातून जाणाऱ्या छेदाला अक्षीय छेद म्हणतात. अक्षाला काटकोनात आणि त्याच कप्प्यातून जाणारा तो विषुववृत्तीय छेद. टणक चुनखडकातून जीवाश्म सुटा काढता येत नाही, तेव्हा छेद नशिबाने जसे मिळतील तसे घ्यावे लागतात. त्यांतले बहुतेक तिरपे असतात, आणि तिरप्या छेदावरून दिलेले नाव पुढे फिरवावे लागण्याची शक्यता फार. म्हणून एका छेदावर थांबू नका. त्याच खडकाचे अनेक छेद घ्या आणि आद्य कप्पा दिसतो असे मोजके छेद वेगळे काढून केवळ त्यांच्यावरच निर्णय करा.

त्यानंतर भित्ती पाहायची. फोरॅमिनिफेरांची कवचे स्थूलमानाने चार रीतींनी बांधलेली असतात. काही जीव समुद्रतळावरचे कण गोळा करून ते चिकटवतात. लॉफ्टसिया या कणबद्ध कवचांच्या गटात येते. काहींची भित्ती चिनी मातीच्या भांड्यासारखी असते. तिच्यात कॅल्साइटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक अस्ताव्यस्त पडलेले असतात आणि ती वरून पडणाऱ्या प्रकाशात दुधी पांढरी दिसते. अल्व्हिओलिना या गटातली. फ्युसुलिनाची भित्ती कॅल्साइटच्या जवळजवळ सारख्या मापाच्या बारीक कणांची असते. आणि न्युम्युलाइट्ससारख्यांची भित्ती काचेसारखी, सूक्ष्म छिद्रांनी भरलेली असते, ती छेदात उजळ आणि तंतुमय दिसते. आपल्या छेदात भित्ती उजळ आणि तंतुमय असेल तर तिन्ही नावे एकदम बाद होतात.

ती गडद दिसत असेल तर मात्र सावध राहायला हवे. चिनी मातीसारखी भित्ती खडकात दीर्घकाळ राहिल्यावर पातळ छेदात काळपट, पोतहीन दिसते, आणि बारीक कणांची भित्तीही तशीच दिसते. पुस्तकातील कोष्टकात दोन वेगळ्या रकान्यांत असलेल्या या भित्ती सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींसारख्या दिसतात, आणि नवशिका अभ्यासक इथेच अडकतो. म्हणून भित्तीनंतर, आणि माझ्या मते भित्तीइतक्याच गांभीर्याने, आतली रचना वाचावी लागते.

अल्व्हिओलिनाचा प्रत्येक कप्पा वेटोळ्याच्या दिशेने जाणाऱ्या आडव्या पडद्यांनी छोट्या नळीसारख्या उपकप्प्यांत विभागलेला असतो. अक्षीय छेदात या नळ्या आडव्या कापल्या जातात, त्यामुळे प्रत्येक वेटोळ्यात गोल छिद्रांची ओळ दिसते. मणी ओवल्यासारखी ही ओळ एकदा नीट पाहिली की पुढे चुकत नाही. फ्युसुलिनात असे उपकप्पे नसतात. तिचे कप्प्यांमधले पडदे कापडाच्या चुण्यांसारखे दुमडलेले असतात, म्हणून अक्षीय छेदात, विशेषतः टोकांकडे, फाशांचे जाळे दिसते. मधोमध मात्र पडद्यांचा खालचा भाग जीवाने स्वतःच विरघळवून केलेला एक बोगदा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना गडद वरंबे दिसतात. छेद चांगला असेल तर फ्युसुलिनाच्या भित्तीतील थरही मोजता येतात : एक पातळ काळा थर, त्याखाली एक स्वच्छ थर, आणि या जोडीच्या आतबाहेर एकेक लेप. लॉफ्टसियात मण्यांची ओळही नाही आणि बोगदाही नाही. तिच्या बाह्य पातळ थराखाली बारीक खणांची जाळी असते, आणि भित्ती बाहेरून आणलेल्या कणांची असल्याने तिच्यात गाळाचे कण ओळखू येतात. ती आकारानेही थोर. तिच्या काही जाती काही सेंटिमीटर लांब होतात. पण लांबीवरून प्रजाती ठरवू नका, कारण लहान लॉफ्टसिया आणि मोठी अल्व्हिओलिना एकाच मापाच्या असू शकतात.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हे सारे मतच नव्हे काय? वर्गीकरणाचा इतिहास पाहिला तर असा संशय येणे स्वाभाविक आहे. आल्सीद दॉर्बिन्यी यांनी १८२६ मध्ये या गटाला नाव दिले तेव्हा त्यांनी ही कवचे चिमुकल्या सेफॅलोपॉडांची, म्हणजे नॉटिलस या शंखधारी मृदुकाय प्राण्याच्या भाऊबंदांची, मानली होती, आणि कप्पे कोणत्या क्रमाने रचले आहेत यावरून त्यांची मांडणी केली होती. १८३५ मध्ये फेलिक्स द्यूजार्दँ यांनी हयात जीव पाहून हे अगदी साधे एकपेशीय प्राणी असल्याचे दाखवले आणि सगळी चौकटच बदलली. पुढे विल्यम कार्पेंटर यांनी १८६२ च्या ग्रंथात कप्प्यांच्या क्रमापेक्षा भित्तीच्या स्वरूपाला मोठे स्थान दिले. विसाव्या शतकात आल्फ्रेड लोब्लिक आणि हेलेन टॅपन या दांपत्याने १९६४ मध्ये आणि नंतर १९८० च्या दशकाच्या अखेरीस दोन हजारांहून अधिक प्रजातींची जी मांडणी केली, तिच्यातही वरच्या पायऱ्या भित्तीवरच उभ्या होत्या. त्यानंतर हयात फोरॅमिनिफेरांच्या जनुकीय अभ्यासाने या वरच्या पायऱ्यांना हादरा दिला. यान पाव्हलोव्हस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सुचवलेल्या मांडणीत अनेककप्पी फोरॅमिनिफेरांचे दोन वर्ग आहेत : एकात कप्प्यांचा मूळ आकार नळीसारखा, दुसऱ्यात गोलसर. कणबद्ध कवचांचे जीव या दोन्ही वर्गांत आढळतात, म्हणजे कण चिकटवून कवच बांधणे ही एकाच घराण्याची खूण ठरत नाही.

हे वाचून भित्तीवरचा विश्वास उडू देऊ नका. हादरा वर्ग आणि गण या वरच्या पायऱ्यांना बसला आहे. प्रजातीच्या पातळीवर भित्ती, उपकप्पे, पडदे आणि आद्य कप्पा यांचा एकत्रित पुरावा आजही टिकून आहे. फ्युसुलिनाच्या घराण्यातील कोणीच हयात नसल्याने तिचे स्थान केवळ कवचावरून ठरवावे लागते आणि वरच्या पातळीवर ते वादग्रस्त राहते, हे खरे. पण फ्युसुलिना ही अल्व्हिओलिना नव्हे, या विधानाला कोणत्याही नव्या मांडणीने धक्का लागलेला नाही. प्रजाती हे एक गृहीतक असते : या सर्व जाती एका पूर्वजापासून आल्या आणि त्यांच्यात ही ही लक्षणे समान आहेत, असे ते म्हणते. पुढचा छेद ते गृहीतक खोटे पाडू शकतो. ज्या विधानाला खोटे पडण्याची वाट मोकळी आहे त्याला नुसते मत म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न : खडकाचे वय इतर पुराव्यांवरून ठाऊक असेल, तर त्यावरून सरळ प्रजाती ठरवायला काय हरकत आहे? खडक इओसीनचा असेल तर चाती अल्व्हिओलिनाचीच, असे का म्हणू नये?

उत्तर : कारण पुढे कोणी तरी त्याच अल्व्हिओलिनावरून खडक इओसीनचा आहे असे सिद्ध करील. वयावरून नाव आणि नावावरून वय, हे चक्र एकदा सुरू झाले की त्यातून बाहेर पडता येत नाही. मोठ्या फोरॅमिनिफेरांचा उपयोग उथळ समुद्रातील चुनखडकांचे काळ ठरवण्यासाठी जगभर होतो, म्हणून ही चूक केवळ तत्त्वाची राहत नाही. ती नकाशांत आणि खोदकामांच्या नोंदींत उतरते. शिवाय जुना खडक झिजून त्यातले जीवाश्म नव्या गाळात येऊन पडतात, आणि टणक कवचे या प्रवासात आश्चर्य वाटावे इतकी शाबूत राहतात. अशा खडकात वयावरून नाव द्याल तर जीवाश्म वाहून आला आहे हे आपल्याला कधीच कळणार नाही. वयाचा उपयोग पडताळ्यासाठी जरूर करावा. रचनेवरून एक नाव आले आणि खडकाचे वय त्याच्याशी जुळत नसेल, तर छेद पुन्हा पाहावा, खडकाची जागा पुन्हा पाहावी, आणि तरीही रचना तेच सांगत असेल तर रचनेचे ऐकावे.

प्रश्न : एकाच थरात न्युम्युलाइट्सची मोठी आणि लहान अशी दोन प्रकारची नाणी शेजारी शेजारी सापडतात. जुन्या ग्रंथांत त्यांना दोन वेगळी नावे आहेत, नव्या ग्रंथांत एकच. तसेच काही ठिकाणी न्युम्युलाइट्सऐवजी कॅमेरिना असे नाव आढळते. यांतले बरोबर काय?

उत्तर : दोन्ही प्रश्न एकाच प्रजातीविषयी असले तरी पहिला जीवाचा आहे आणि दुसरा नियमांचा.

फोरॅमिनिफेरांच्या जीवनचक्रात लैंगिक आणि अलैंगिक पिढ्या आलटून पालटून येतात. अलैंगिक रीतीने जन्मलेल्या जीवाला मातेकडून भरपूर जीवद्रव्य मिळते, म्हणून त्याचा आद्य कप्पा मोठा असतो, पण त्याचे पूर्ण वाढलेले कवच लहान राहते. दोन युग्मकांच्या मीलनातून जन्मलेल्या जीवाचा आद्य कप्पा अगदी बारीक असतो, मात्र तो दीर्घकाळ वाढतो आणि त्याचे कवच मोठे होते. न्युम्युलाइट्सच्या काही जातींत ते कित्येक सेंटिमीटर रुंद होते. मोठे नाणे आणि लहान नाणे ही अशा रीतीने एकाच जातीची दोन रूपे आहेत. मोठ्यात आद्य कप्पा लहान, लहानात आद्य कप्पा मोठा, हा उलटा हिशेब लक्षात ठेवला की गफलत होत नाही. एकोणिसाव्या शतकात ही द्विरूपता ध्यानात येईपर्यंत अभ्यासकांनी एकाच जातीच्या दोन रूपांना दोन स्वतंत्र नावे दिली, आणि अशा जोडनावांची छाननी पुढे दीर्घकाळ चालली. मात्र एका थरात लहान-मोठी नाणी एकत्र सापडली म्हणजे ती एकाच जातीची, असाही उलटा निष्कर्ष काढू नये. वेटोळ्यांची घनता, पडद्यांचा बाक, पृष्ठभागावरील ठिपके आणि रेषा यांचा मेळ दोन्ही रूपांत बसला पाहिजे. थरात एकाहून अधिक जाती एकत्र असतील तर कोणते लहान नाणे कोणत्या मोठ्या नाण्याचे, हे ठरवणे कष्टाचे काम आहे. ते घाईने होत नाही.

आता नावाविषयी. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेत अग्रक्रमाचे तत्त्व आहे : एकाच प्रजातीला दोन नावे मिळाली असतील तर आधी प्रसिद्ध झालेले नाव वैध. फोरॅमिनिफेरा एकपेशीय असले तरी त्यांची नावे याच संहितेनुसार चालतात. ब्रुगिएर यांनी कॅमेरिना हे नाव १७८९ मध्ये दिले आणि लामार्क यांनी न्युम्युलाइट्स हे नाव १८०१ मध्ये. नियम काटेकोर लावला तर कॅमेरिना जिंकते, आणि काही लेखकांनी ते नाव आग्रहाने वापरलेही. पण तोवर न्युम्युलाइट्स हे नाव भूशास्त्रात इतके रुजले होते, खडकांच्या आणि काळाच्या नावांतही ते इतके मिसळून गेले होते, की ते बदलले असते तर साऱ्या जुन्या साहित्याचा अर्थ लावणे अवघड झाले असते. म्हणून आंतरराष्ट्रीय आयोगाने १९४५ मध्ये आपल्या विशेष अधिकारात नियम स्थगित करून न्युम्युलाइट्स हे नाव राखले. तेव्हा जुन्या लेखात कॅमेरिना दिसली तर ती चूक समजू नका. त्या लेखकाने त्याच्या काळातला नियम पाळला होता. आज वापरायचे नाव न्युम्युलाइट्स. आयोगाचा हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण नावाचे पहिले काम ओळख टिकवणे हे आहे.

प्रश्न : लेपिडोसायक्लिना या भिंगासारख्या लुप्त फोरॅमिनिफेराचे भाग नेफ्रोलेपिडिना आणि युलेपिडिना यांना काही लेखक स्वतंत्र प्रजाती मानतात, काही उपप्रजाती (सबजीनस). एकाच जीवाश्माबाबत असा फरक कसा पडतो?

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर लेपिडोसायक्लिनाच्या नावाच्या प्रवासातच आहे. तिची प्ररूप जाती, म्हणजे जिच्याशी प्रजातीचे नाव बांधलेले असते ती जाती, मॅन्टेली ही १८३३ मध्ये न्युम्युलाइट्स मॅन्टेली म्हणून वर्णिली गेली, कारण ती चपटी आणि गोल होती. पुढे तिच्या आत न्युम्युलाइट्ससारखे साधे वेटोळे नसून मधल्या प्रतलात शेकडो लहान कप्प्यांचा थर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बाजूकप्प्यांचे ढीग आहेत हे दिसल्यावर ती ऑर्बिटॉइडिसमध्ये गेली. ऑर्बिटॉइडिस ही त्या काळी मोठी झोळी होती; क्रिटेशसच्या अखेरची खरी ऑर्बिटॉइडिस, पॅलिओसीन-इओसीनची डिस्कोसायक्लिना आणि त्यानंतर मायोसीनपर्यंत चाललेली लेपिडोसायक्लिना या तिन्ही तिच्यात एकत्र होत्या. बाहेरून तिन्ही भिंगासारख्या, मधे फुगीर. १८७० मध्ये गुंबेल यांनी या झोळीतून डिस्कोसायक्लिना आणि लेपिडोसायक्लिना ही नावे वेगळी काढली. विषुववृत्तीय छेद पाहिला की हे वेगळेपण आजही सहज पटते : डिस्कोसायक्लिनात आयताकृती कप्पे वर्तुळाकार कड्यांत विटांसारखे बसलेले असतात, तर लेपिडोसायक्लिनात ते कमानीसारखे, चौकटच्या आकाराचे किंवा षट्कोनी असतात.

इथवरचे विभाजन नात्याचे आहे. आज त्यावर वाद उरलेला नाही. लेपिडोसायक्लिनाच्या आतले विभाजन मात्र भ्रूणकप्प्यांवर, म्हणजे पहिल्या दोन कप्प्यांच्या परस्पर स्थितीवर, आधारलेले आहे. काहींत दोन कप्पे जवळजवळ सारखे आणि सरळ पडद्याने विभागलेले असतात. नेफ्रोलेपिडिनात दुसरा कप्पा मूत्रपिंडाच्या आकाराचा होऊन पहिल्याला अंशतः कवेत घेतो. युलेपिडिनात तो पहिल्याला जवळजवळ पूर्ण गिळतो. नेफ्रोलेपिडिनात ही मिठी काळाबरोबर हळूहळू घट्ट होत जाते, आणि ती किती घट्ट आहे याचे माप काढता येते. एका नमुन्यातील अनेक कवचांवर ते माप घेऊन सरासरी काढतात आणि त्या सरासरीच्या ठरावीक मर्यादांवर जातींच्या सीमा आखतात. बदल सलग असल्यामुळे सीमा आपणच आखलेली असते. म्हणून एकट्या कवचावरून जाती सांगू नये. त्याच नमुन्यातील इतर कवचे मोजल्याशिवाय तो आकडा निरर्थक आहे.

अशा सलग बदलणाऱ्या वंशपरंपरेच्या फांद्यांना प्रजाती म्हणावे की उपप्रजाती, हे नियम सांगत नाही. फांदी खरी आहे की नाही हा पुराव्याचा प्रश्न आहे; तिला कोणती पायरी द्यावी हा सोयीचा आणि सहमतीचा प्रश्न आहे. मी स्वतः या दोघींना स्वतंत्र प्रजाती मानण्याच्या बाजूचा आहे, कारण त्यांच्या वंशपरंपरा दीर्घकाळ वेगळ्या चाललेल्या दिसतात. पण आपण दुसरी रीत पाळत असाल तर लेखाच्या आरंभी तसे लिहा आणि शेवटपर्यंत तीच पाळा.

प्रश्न : आमच्या नमुन्यांतील एक फोरॅमिनिफेरा कोणत्याच ज्ञात प्रजातीशी जुळत नाही. नवी प्रजाती स्थापन करण्यापूर्वी काय काळजी घ्यावी?

उत्तर : तो फोरॅमिनिफेरा आहे याची खात्री आधी करा. हे सांगणे अनावश्यक वाटेल, पण मोठमोठ्या अभ्यासकांची इथे चूक झाली आहे. ज्या शोधनिबंधात कार्पेंटर आणि ब्रॅडी यांनी लॉफ्टसियाचे वर्णन केले, त्याच निबंधात पार्केरिया नावाच्या गोल जीवाश्माचेही कणबद्ध फोरॅमिनिफेरा म्हणून सविस्तर वर्णन होते. १८६९-७० मधला हा निबंध अत्यंत मेहनतीचा आहे. त्यातली लॉफ्टसिया टिकली. इराणच्या डोंगरांतून तिचे नमुने आणणाऱ्या विल्यम केनेट लॉफ्टस यांचे नाव ती आजही वागवते. पार्केरिया मात्र पुढे हायड्रोझोआ, म्हणजे अगदी वेगळ्या संघातला बहुपेशीय प्राणी, ठरला. इओझूनची गोष्ट याहून बोलकी आहे. कॅनडातील अतिप्राचीन खडकांतले कॅल्साइट आणि सर्पेंटाइन यांचे एकाआड एक पट्टे पाहून १८६० च्या दशकात तो एक महाकाय फोरॅमिनिफेरा असल्याचे जाहीर झाले, आणि कार्पेंटर यांनी ते मत अखेरपर्यंत सोडले नाही. १८९४ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने बाहेर फेकलेल्या चुनखडकांतही तशीच रचना सापडली आणि ती उष्णतेने होणाऱ्या खनिजबदलाची देण असल्याचे स्पष्ट झाले. आद्य कप्पा, वाढीचा ठरावीक क्रम आणि कप्प्यांना जोडणारी द्वारे या तीन गोष्टी दाखवता येत नसतील तर थांबा.

त्यानंतर पाहा की आपला नमुना ज्ञात प्रजातीचेच दुसरे रूप, अर्धवट वाढलेले कवच, किंवा पुनर्स्फटिकीकरणाने बिघडलेले कवच तर नाही ना. शक्य असेल तर क्ष-किरण सूक्ष्म टोमोग्राफी करून घ्या. तिच्यामुळे कवच न कापता आतले कप्पे त्रिमितीत पाहता येतात. मात्र कवच आणि भोवतालचा खडक दोन्ही कॅल्साइटचेच असतील आणि कप्पेही कॅल्साइटने भरलेले असतील तर प्रतिमेत फरक उमटत नाही, तेव्हा पुन्हा छेदांकडेच यावे लागते. तुलना पुस्तकातील चित्रांशी करून भागत नाही. प्रत्येक प्रजातीचे नाव तिच्या प्ररूप जातीशी बांधलेले असते, आणि जातीचे नाव संग्रहालयातील प्ररूप नमुन्याशी. प्रजातीची व्याख्या कितीही ताणली किंवा आवळली तरी नाव जाते ते प्ररूप जातीबरोबर. म्हणून जवळच्या प्रत्येक प्रजातीची प्ररूप जाती मुळातून पाहा, निदान तिचे मूळ वर्णन आणि मूळ आकृती तरी.

औपचारिक अटी त्या मानाने सोप्या आहेत. १९३० नंतर प्रसिद्ध झालेल्या प्रजातीनामाला प्ररूप जाती निश्चित केलेली असणे बंधनकारक आहे, आणि इतरांपासून वेगळेपण सांगणारे वर्णन हवे. नाव प्राणिसृष्टीत पूर्वी कोणी वापरलेले नसावे. फोरॅमिनिफेराला दिलेले नाव एखाद्या कीटकाला आधीच दिलेले असेल तर ते चालत नाही. प्ररूप जातीही नवी असेल, तर २००० सालापासून तिचा प्ररूप नमुना स्पष्टपणे नेमावा लागतो. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध करणार असाल तर २०१२ पासून ते प्रकाशन झूबँक या नोंदणीत आधी नोंदवणे आवश्यक आहे. प्ररूप म्हणून पातळ छेद नेमत असाल तर त्यात अनेक कवचे असतात, तेव्हा त्यांतले नेमके कोणते कवच प्ररूप आहे ते काचेवर खूण करून आणि छायाचित्रात बाण दाखवून नोंदवा, आणि तो छेद ज्या संग्रहालयात ठेवला त्याचा क्रमांक लेखात द्या. अक्षीय छेदात दिसणारे कवच प्ररूप म्हणून निवडले असेल तर विषुववृत्तीय छेदातील कवचे सहप्ररूप (पॅराटाइप) म्हणून सोबत जमा करा, कारण एका कवचाचे दोन्ही छेद घेता येत नाहीत आणि पुढच्या अभ्यासकाला दोन्ही लागतात.